पाळतीवर कोण, पाळतीखाली कोण

सेमिनारमध्ये माझी पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. विषय होता फोन टॅपिंग. वीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्नोत्तरं, आणि सगळं इंग्रजीत. नेमून दिलेल्या लेखात एक वाक्य होतं, की आपल्याकडे टॅपिंगवर 'ज्युडिशियल ओव्हरसाइट' नाही. आदल्या रात्री मी मोबाइलवर अर्थ पाहिला होता. ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक. त्यामुळे मी वर्गासमोर उभी राहून सांगितलं, की लेखकाच्या मते या बाबतीत न्यायालयांच्या हातून चूक झालेली नाही.

लेखक बरोबर उलटं म्हणत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात टॅपिंगचे नियम घालून दिले. आदेश गृहसचिवांच्या पातळीवरून निघावा, एका समितीने तो तपासावा, असं ठरलं. पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी अशी अट घातली नाही. लेखाचा सगळा आक्षेप त्या न घातलेल्या अटीवर होता. ओव्हरसाइट या एकाच शब्दाचे देखरेख आणि नजरचूक असे दोन्ही अर्थ होतात, हे बाईंनी मला तास संपल्यावर जिन्यात सांगितलं. ओरडल्या नाहीत, समजावूनच सांगितलं. तरी घरी पोचेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. इतके दिवस वाचून तयार केलेला मुद्दा एका शब्दापायी पार उलटा झाला होता.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, बी.ए.चे पेपरही मराठीतच लिहिले. एम.ए.ला गुन्हेगारी आणि पाळत हा ऐच्छिक विषय मुद्दाम घेतला, कारण बाबा मुंबई पोलिसांत हवालदार होते. माझं लहानपण पोलीस क्वार्टर्समध्ये गेलं. पंचनामा, जबाब, मुद्देमाल, नाकाबंदी, फरारी, तडीपार हे शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहेत. आता बाबा निवृत्त झालेत आणि आम्ही डोंबिवलीला राहतो. विषय घरचाच होता, पण वर्गात तोंड उघडलं की काहीच हाताशी नसायचं, याचा त्रास जास्त व्हायचा.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. वहीत दोनशे शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. आठवडाभर लोकलमध्ये घोकले. अर्थ विचारला तर सांगता यायचा, पण बोलताना उपयोग शून्य. बोलताना शब्द एकटा येत नाही, त्याच्या मागचंपुढचं घेऊन येतो. 'क्राइम' पाठ होता, पण त्याच्याबरोबर 'कमिट' येतं हे पाठ नव्हतं. मी आपली 'डू' म्हणत राहायची. शब्दयोगी अव्ययांनी तर फार छळलं. आपण 'खुनाच्या आरोपाखाली अटक' म्हणतो, म्हणून मी सगळीकडे 'अंडर' लावायची. इंग्रजीत 'अक्यूज्ड ऑफ', 'चार्ज्ड विथ', 'कन्व्हिक्टेड ऑफ', 'सेन्टेन्स्ड टू'. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला.

मग वही बाजूला ठेवली. आईने जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा जपून ठेवला होता. कागद जाड, आणि मागची बाजू कोरी. कात्रीने एकेका पत्रिकेचे चार तुकडे केले. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी गणपतीचं अर्धं चित्र, मागे माझा शब्द. वर शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, मग लेखातलं किंवा निकालपत्रातलं एक पूर्ण वाक्य. तळाला एक ओळ मोकळी ठेवायची: बाबा याला काय म्हणतात?

या शेवटच्या ओळीनेच माझं काम केलं. संध्याकाळी चहाच्या वेळी मी कार्डं घेऊन बसायची. पोलीस ठाण्यात शब्द सैल वापरून चालत नाही, त्यामुळे चोरी, जबरी चोरी, घरफोडी आणि दरोडा यांत बाबांची कधी गल्लत होत नाही. "पाच जण किंवा जास्त असले तर दरोडा. चार असतील तर जबरी चोरी. गुन्हा नोंदवताना आधी माणसं मोजायची," ते म्हणाले. थेफ्ट, रॉबरी, हाउसब्रेकिंग आणि डकॉयटी ही चार कार्डं त्या एका संध्याकाळी पक्की झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण पाचाचा हिशोब तोच राहिला. डकॉयटी हा शब्द तर इंग्रजीने आपल्याकडूनच नेलेला. लूट आणि ठगसुद्धा इथलेच. ही तिन्ही कार्डं हातात घेतली की मला जरा बळ यायचं.

चोरीच्याच कार्डावर एक जुनी चूक सापडली. "माय मोबाइल वॉज रॉब्ड" असं आम्ही सगळे म्हणतो. पण इंग्रजीत रॉब होतो तो माणूस किंवा बँक. मोबाइल चोरला जातो, म्हणजे 'स्टोलन'. मराठीत आपण बोलताना सहसा हा भेद करतो. माणसाला लुटतात, वस्तू चोरतात. माझा मोबाइल चोरला, असंच आपल्या तोंडात येतं. मराठी नीट ऐकली असती तर इंग्रजीही चुकली नसती.

संशयित, आरोपी, दोषी, कच्चा कैदी हे शब्दही तसेच. सस्पेक्ट, अक्यूज्ड, कन्व्हिक्ट, अंडरट्रायल. वर्गात उत्तम इंग्रजी बोलणारी मुलंही तुरुंगातल्या सगळ्यांना सरसकट 'क्रिमिनल्स' म्हणायची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला आणि 'अंडरट्रायल' म्हणा असं सांगितलं. व्याकरण चुकलं असेल, शब्द बरोबर होता.

सगळ्यात जास्त दिवस मात्र 'सर्व्हेलन्स' या एका शब्दाने खाल्ले. कोशात सरळ पाळत असं दिलंय. पण पाळत मराठीत वेगळी चालते. 'चोर पाळतीवर होते' म्हणजे चोर कुणावर तरी लक्ष ठेवून होते. पाळतीवर असतो तो बघणारा. इंग्रजीत 'अंडर सर्व्हेलन्स' असतो तो बघितला जाणारा. मराठीतून इंग्रजीत जाताना मी दर वेळी माणसं अदलाबदल करून ठेवायची. कार्डावर दोन माणसं काढली, एक उभा, एक बसलेला, आणि बाण दाखवला. तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

शिवाय पाळत शब्दात बहुतेक वेळा संशय किंवा वाईट हेतू असतो. सर्व्हेलन्समध्ये तो असतोच असं नाही. आरोग्य खात्यात साथीच्या रोगांवर लक्ष ठेवतात त्यालाही सर्व्हेलन्सच म्हणतात, आणि त्याचं सरकारी मराठी आहे 'रोग सर्वेक्षण'. रोगावर पाळत कुणी ठेवत नाही. मग माझ्या कार्डाच्या तळाची ओळ वाढत गेली: पाळत, टेहळणी, देखरेख, नजर, गस्त, पहारा, सर्वेक्षण. या विषयातले कॅनडातले अभ्यासक डेव्हिड लायन सांगतात की सर्व्हेलन्सला काळजी आणि नियंत्रण अशी दोन्ही तोंडं असतात. ते वाचताना मला वाटलं, मराठीने ही दोन तोंडं निरनिराळ्या शब्दांत वाटून ठेवलीत, म्हणून मला एकच शब्द सापडत नव्हता. आणि ही अडचण माझ्या एकटीची नव्हती. फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोच्या तुरुंगावरच्या १९७५ च्या फ्रेंच पुस्तकाच्या नावात 'स्युर्व्हेये', म्हणजे नजर ठेवणं, हे क्रियापद आहे. इंग्रजी अनुवादकाला त्याला नेमका प्रतिशब्द मिळेना. शेवटी खुद्द फुकोच्या सूचनेवरून इंग्रजी नावात 'डिसिप्लिन' आलं. इंग्रजीलाही हा शब्द अवघड गेला होता हे कळल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

उच्चारांसाठी काही वेगळं केलं नाही. एका मैत्रिणीला रोज रात्री पाच कार्डं बोलून आवाज पाठवायची, तिने दुरुस्त करायचे. 'इन्डिक्ट' असं लिहिलेलं 'इन्डाइट' वाचायचं आणि 'सबपोएना' असं दिसणारं 'सपीना', हे मला तिच्याकडून कळलं. असे शब्द नुसते वाचून कधीच कळले नसते, कुणीतरी बोलूनच दाखवावे लागतात. मराठी प्रतिशब्दांसाठी मात्र राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश फार उपयोगी पडला. माझ्यासारख्यांनी मोबाइलच्या आधी तो उघडावा.

डिसेंबरात इंग्लंडहून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. चर्चेत मी 'एक्स्टर्नमेंट' म्हटलं. त्यांनी थांबवून विचारलं, म्हणजे डिपोर्टेशन का? वर्गातलं कुणी बोलेना. मी सांगितलं: नाही, देशाबाहेर नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ प्रमाणे पोलीस एखाद्याला शहरातून किंवा जिल्ह्यातून बाहेर जायला सांगू शकतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. शिक्षा झालेलीच असली पाहिजे असं नाही. आम्ही त्याला तडीपार म्हणतो. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, मग तो माणूस राहतो कुठे? क्वार्टर्समध्ये वाढल्यामुळे मला ते माहीत होतं. कुणी नातेवाइकाकडे कल्याणच्या पुढे जातो, कुणी गावी, आणि पुष्कळ जण रात्री गुपचूप घरी येतात. मी चार-पाच मिनिटं बोलले असेन. एकही कार्ड आठवावं लागलं नाही.

सत्राच्या शेवटी पेपर लिहायचा होता. मी खडकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार हा १९६२ चा निकाल घेतला. या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडलं होतं, पुराव्याअभावी सोडून दिलं, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे लक्ष ठेवायच्या माणसाची नोंद, उघडली. पुढे कितीतरी वर्षं शिपाई आणि चौकीदार रात्री त्याच्या दारावर येत, हाका मारून उठवत. तिथल्या पोलीस नियमावलीत सर्व्हेलन्सचे सहा प्रकार मोजून दिलेले आहेत, आणि शब्द शिकायला याहून चांगला धडा मला मिळाला नाही. पहिलाच प्रकार 'सीक्रेट पिकेटिंग'. पिकेटिंग म्हणजे मला संपातली निदर्शनं माहीत होती, इथे अर्थ घरावर गुपचूप पहारा. दुसरा 'डोमिसिलिअरी व्हिजिट्स', म्हणजे पोलिसांनी घरी जाऊन तपासणं, तेही रात्री. न्यायालयाने फक्त हा दुसरा प्रकार रद्द केला, बाकीचे राहू दिले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे ठरायला पुढे २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. तेव्हा नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खडकसिंग निकालातलं उलट मत पुसलं.

'डोमिसिलिअरी व्हिजिट'चं कार्ड मी बाबांपुढे ठेवलं आणि अर्थ सांगितला. ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले.

"हे तर आम्ही करायचो," ते म्हणाले. "ऑल आऊट, म्हणजे शहरभर एकदम तपासणी असली की रात्री अभिलेखावरचे गुन्हेगार चेक करायचे. दार वाजवायचं, माणूस घरात आहे का बघायचं, नोंद करायची, पुढचं घर. एका रात्रीत वीस-पंचवीस दारं."

"तुम्हाला कसं वाटायचं, बाबा?"

"ड्युटी होती, अगं. त्यातले काही खरोखर बाहेर फिरून धंदे करायचे, ते घरी नाहीत हे कळायलाच हवं होतं." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पण सुटलेली, सुधारलेली माणसंही यादीत राहायची. नाव निघायला वेळ लागतो."

कार्डाच्या तळाच्या ओळीवर मी 'चेकिंग' असं लिहिलं. बाबांचा शब्द तोच होता.

पेपर पूर्ण झाल्यावर मी तो त्यांना मराठीत करून वाचून दाखवला, एकेक परिच्छेद. त्यांनी मध्ये दोनदाच अडवलं. एकदा मी हवालदाराला शिपाई म्हटलं म्हणून, आणि एकदा रात्रीच्या भेटींचा भाग आला तेव्हा.

"आम्ही आत गेलो की घरातलं पोरगं उठायचं आणि आईच्या मागे जाऊन उभं राहायचं," ते म्हणाले. "दर घरी हेच. ते लिहिलंयस का?"

ते लिहिलेलं नव्हतं. निकालपत्रातही मला ते कुठे दिसलं नव्हतं. रात्री साडेदहाला लॅपटॉप परत उघडला आणि चौथ्या पानावर, डोमिसिलिअरी व्हिजिटच्या व्याख्येनंतर, एक वाक्य वाढवलं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि ते वाक्य इंग्रजीत कसं झालं ते त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.