आमचं पहिलं डंजन : डीएम म्हणून माझा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ, तो खेळायचंय असं म्हणणारे आपल्याकडे आता ढिगाने सापडतात, पण गाडी अडते ती एकाच जागी, डीएम कोण होणार? डीएम म्हणजे डंजन मास्टर. बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर खेळतात आणि डीएम उरलेलं सगळं जग खेळतो, गॉब्लिन म्हणजे छोटे दुष्ट राक्षस, सराईवाला, पाऊसपाणी सगळं. आमच्यात मामेभाऊ, वहिनी, ऑफिसातली एक मैत्रीण आणि तिचा नवरा असे चौघं एका पायावर तयार होते, यूट्यूबवर दुसऱ्यांचे गेम तासन्‌तास बघितलेले, आणि चौघांचंही म्हणणं एकच की आम्ही खेळतो, डीएम तू हो. झालो.

खर्चाचं आधी सांगतो कारण बरेच जण तिथेच कच खातात. माझ्याकडे २०१४ चा स्टार्टर सेट होता, त्यात चौसष्ट पानांचं एक तयार अ‍ॅडव्हेंचर, नियमांचं छोटं पुस्तक, फासे आणि तयार कॅरेक्टर सगळं येतं. पण तो नसता तरी अडलं नसतं. जानेवारी २०२३ मध्ये, खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या लायसन्सवरून जो गदारोळ झाला त्याच्यानंतर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या डी अँड डीच्या कंपनीने एसआरडी ५.१, म्हणजे पाचव्या एडिशनच्या नियमांचा गाभा, क्रिएटिव्ह कॉमन्स या कोणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला करून टाकला, चारशे पानांची पीडीएफ, फुकट, आणि दिलेलं परत घेता येत नाही. बारा क्लास (कॅरेक्टरचे पेशे), शेकडो स्पेल (मंत्र), राक्षस, सगळं त्यात आहे. फासे नसतील तर मोबाइलवर अ‍ॅप आहेत. पण फासे घ्याच असं मी सांगेन, टेबलावर वीस बाजूंचा फासा घरंगळत जातो आणि पाच डोकी त्याच्यावर वाकतात, ही मजा स्क्रीनवर येत नाही.

पुस्तक वाचायला बसलो तेव्हा मनात धाकधूक होती की एवढं सगळं लक्षात कसं राहायचं, आणि चौघांनी भलतंच काही केलं तर गोष्ट कोसळेल. याच्यावरचा उतारा मला या खेळाच्या इतिहासात सापडला. डी अँड डी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये छापलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याच्याही आधी, १९६९ च्या सुमारास, अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने टेबलावर सैन्यांच्या लढाया, म्हणजे वॉरगेम, खेळणाऱ्या आपल्या मित्रांसाठी ब्राउनस्टाइन नावाचा एक गेम लावला होता. लढाईच्या तोंडावर असलेलं एक काल्पनिक जर्मन गाव, आणि प्रत्येकाला सैन्याच्या ऐवजी त्या गावातला एकेक माणूस दिलेला. खेळाडू नेमून दिलेलं सोडून भलतंच करायला लागले, कोपऱ्यात जाऊन गुपचूप सौदे, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं ज्याचे नियमच नव्हते, वेस्लीला ते जागच्या जागी ठरवावे लागले. त्याला वाटलं गेम फसला, मित्र म्हणाले परत कधी लावतोस? त्याच टोळक्यात आर्नेसन होता, आणि पुढे त्याचा स्वतःचा ब्लॅकमूर हा खेळ आणि तिथून डी अँड डी हे सगळं त्या गोंधळातूनच आलं. म्हणजे खेळाडूंनी भलतंच काही करणं हा या खेळाला लागलेला धोका नाहीच, त्याचा जन्मच तिथला आहे. मग मी तयारीची पद्धतच बदलली. पुढे काय होणार हे लिहायचंच नाही. कोण कुठे आहे, त्याला काय हवंय, आणि कोणीच मधे पडलं नाही तर तो काय करेल, प्रत्येक पात्राच्या या तीन ओळी वहीत लिहिल्या आणि बास.

पहिल्या बैठकीत फासे काढलेच नाहीत. याला सेशन झीरो म्हणतात आणि माझ्या मते हा भाग टाळूच नये. कुठल्या प्रकारची गोष्ट हवीये, काय नकोय, किती वेळ बसायचं. वहिनी म्हणाल्या कोळी नकोत, अजिबात नकोत, वर्णनसुद्धा नको, ठीक आहे, कोळी बाद. लहान मुलांवर अत्याचार नकोत हे सगळ्यांनीच सांगितलं. मग कॅरेक्टर. तयार शीट वाटण्याआधी मी प्रत्येकाला विचारलं की तुझा माणूस घर सोडून का निघाला? मैत्रिणीचा नवरा एकदम अबोल, त्याला नाटकी आवाज काढायची धास्ती होती, त्याला म्हणलं आवाज काढायचाच नाही, "तो असं असं म्हणतो" एवढं सांगितलं तरी चालतं. त्याने क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा पुजारी, घेतला आणि सांगितलं की याच्या देवळाला आग लागली होती आणि ती कोणी लावली ते याला शोधायचंय. मामेभाऊ फायटर म्हणजे लढवय्या, मैत्रीण विझर्ड म्हणजे जादूगार, वहिनी हाफलिंग रोग (rogue), म्हणजे बुटक्या जमातीतली चोरटी.

(इथून पुढे त्या स्टार्टर सेटच्या पहिल्या भागातल्या गोष्टी फुटणार आहेत, खेळायचा असेल तर थांबा.)

सुरुवात साधी आहे, वाटेत दोन मेलेले घोडे, बाण लागलेले, झुडपात चार गॉब्लिन. नियम मी आधी समजावलेच नाहीत, गरज पडेल तसे सांगत गेलो. वीसचा फासा टाका, त्यात तुमचा बोनस मिळवा, मी ठरवलेल्या आकड्याएवढा किंवा जास्त आला की जमलं, सोप्याला दहा, मध्यमला पंधरा, अवघडला वीस. नव्या माणसाला पहिल्या तासात एवढंच लागतं. मैत्रिणीने शीटवर बोट फिरवत विचारलं, हा स्लीप स्पेल काय करतो? पाच आठबाजूचे फासे टाकायचे, जेवढी बेरीज येईल तेवढ्या हिट पॉइंटचे (हिट पॉइंट म्हणजे अंगातली ताकद, शून्य झाली की आडवा) जीव झोपतात, ज्याचे सगळ्यात कमी तो आधी. गॉब्लिनला सात हिट पॉइंट. तिने टाकले, आले चोवीस. सात, चौदा, एकवीस, तीन गॉब्लिन जागच्या जागी आडवे आणि चौथ्यासाठी उरले फक्त तीन, तो पळत सुटला. मामेभाऊ खुर्चीतून उठून ओरडला, पकडा त्याला! मग अर्धा तास नुसता पाठलाग, पकडल्यावर उलटतपासणी, गॉब्लिनच्या गुहेचा पत्ता, सगळं त्यांनी स्वतःहून केलं, मी फक्त गॉब्लिनच्या वतीने उत्तरं देत होतो.

गुहेच्या तोंडाशी साखळीने बांधलेले लांडगे आहेत. अबोल क्लेरिक म्हणाला मी त्यांना माझ्याजवळचं सुकं मांस टाकतो. म्हणलं अ‍ॅनिमल हँडलिंग, म्हणजे जनावरं हाताळायचं कसब, पंधरा लागतील, पण खायला देतोयस म्हणून अ‍ॅडव्हांटेज घे, म्हणजे वीसचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. नुसत्या एका फाशाची सरासरी साडेदहा असते, अ‍ॅडव्हांटेजने ती पावणेचौदाच्या पुढे जाते. डीएमच्या हातातलं हे सगळ्यात कामाचं हत्यार आहे, कोणी डोकं लावून काही केलं की द्या, कंजुषी करू नका. लांडगे गप्प बसले.

पण त्या दिवशी खरी मजा आणली ती यीमिकने. यीमिक म्हणजे गुहेतला दोन नंबरचा गॉब्लिन, त्याच्या ताब्यात एक कैदी असतो आणि तो धमकी देतो की लढलात तर याला कड्यावरून खाली ढकलतो, त्यापेक्षा माझ्या बॉसचं, क्लार्गचं मुंडकं आणून द्या. माझ्या वहीत यीमिकच्या तीन ओळी होत्या, त्याला सरदार व्हायचंय, क्लार्गला तो घाबरतो, पैसा दिसला की पाघळतो. वहिनींनी त्यांच्या रोगला सरळ खाली बसवलं आणि विचारलं, "तुमचा साहेब लुटीतला हिस्सा किती देतो हो तुम्हाला?" मी यीमिक म्हणून कुरकुरलो की काहीच नाही देत. "आणि राबतं कोण?" पुढची वीस मिनिटं वहिनी यीमिकची बाजू त्यालाच समजावून सांगत होत्या. मी पर्सुएशनला, म्हणजे मन वळवायला, पंधरा ठेवले, त्यांनी सतरा काढले. पुस्तकातला यीमिक नंतर शब्द फिरवून खंडणी मागतो, पण आमच्या यीमिकला त्याच्या मनातलं कोणीतरी बोलून दाखवलं होतं, मग तो शब्द का फिरवेल? त्याने कैदी आधीच सोडून दिला, त्याची माणसं बाजूला झाली आणि आमचे चौघं क्लार्गच्या गुहेत शिरले.

क्लार्ग बगबेअर आहे, म्हणजे गॉब्लिनचा धिप्पाड केसाळ भाऊबंद, पहिल्या लेव्हलच्या लोकांना फार भारी पडतो. त्याचा मॉर्निंगस्टार, म्हणजे काटेरी गदा, लागला की दोन आठबाजूचे फासे अधिक दोन. मी डीएमचे फासे सगळ्यांसमोर टाकतो, पडद्याआड नाही, आणि याच्यावर मी ठाम आहे, कारण लपून टाकले की आकडा बदलायचा मोह होतो आणि मग खेळाडूंच्या जिंकण्यात दम राहत नाही. सहा आणि सहा आले, अधिक दोन चौदा, मामेभावाचा फायटर बारावरून थेट शून्यावर. आता डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो ते ठरवणारे फासे, दहा किंवा जास्त आले तर एक यश, तीन यश म्हणजे वाचला, तीन अपयश म्हणजे संपला. पहिला फासा चार. दुसरा नऊ. मैत्रिणीचा नवरा, जो तोपर्यंत "तो असं म्हणतो" म्हणत होता, तो एकदम म्हणाला, "मी धावत जातो, मी याला मरू देणार नाही," आणि जखमा भरणारा स्पेल, क्युअर वुंड्‌स टाकला. क्लार्गला शेवटी पाठीमागून वहिनींच्या रोगने लोळवलं.

अडचण आता एकच, तारखा. पाच मोठ्या माणसांना एका दिवशी गोळा करणं क्लार्गपेक्षा अवघड आहे, म्हणून ठराविक रविवार बांधून घेतलाय आणि एक जण नसला तरी खेळायचंच असं ठरलंय, त्याचं कॅरेक्टर त्या दिवशी तळावर सामान राखतं. गुहेचा सरदार आता यीमिक आहे. वहिनींनी त्याच्याशी करार केलाय की वाटेवरच्या व्यापाऱ्यांना लुटायचं नाही, टोल घ्यायचा, आणि पावती द्यायची. पुस्तकात याच्याबद्दल अक्षर नाही, त्यामुळे पुढच्या रविवारपर्यंत मला ठरवायचंय की पहिला व्यापारी टोल द्यायला नाही म्हणाला तर यीमिक काय करेल.