करवत

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी बेल वाजली. बंड्या उठला, मागचे पाय फरशीवर फाकले, तरी सावरत दारापर्यंत पोचला, भुंकायला तोंड उघडलं. आवाजच नाही. नुसती हवा. कुरियरवाला म्हणाला, "शहाणा झाला की हा!" मी सही केली, दार लावलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आत्ता शेजारी झोपलाय आणि करवत चालू आहे. श्वास घेताना घर्रर्र, सोडताना काही नाही. श्वास घेताना घशातल्या दोन पाळ्या बाजूला व्हायला हव्यात. त्या हलवणाऱ्या नसाच निकामी झाल्यात, त्यामुळे पाळ्या उलट आत ओढल्या जातात. आणि आम्ही वर्षभर म्हणत होतो, लॅब्राडॉर आहे, घोरणारच.

काल हलकी भूल देऊन घसा पाहिला. भूल जरा जास्त झाली तर चांगला घसाही हलत नाही, म्हणून श्वासाला चालना देणारं इंजेक्शन देऊन पुन्हा पाहिलं. शंकेला जागा उरली नाही.

ऑपरेशनचं नाव टाय-बॅक. मानेला डावीकडून चीर द्यायची आणि डावी पाळी न विरघळणाऱ्या दोऱ्याने मागच्या कूर्चेला कायमची बांधायची. एकच बाजू. दोन्ही बांधल्या तर हवेबरोबर अन्नालाही रान मोकळं. पण एका बाजूनेही दार उघडंच राहतं ना! पाणी, लाळ, उलटी, काहीही फुफ्फुसात उतरू शकतं. चार-पाचातल्या एकाला न्यूमोनिया होतो, आणि ती भीती आयुष्यभराची. म्हाताऱ्या कूर्चेतून टाका फाटून निघाला तर पहिले पाढे पंचावन्न. पाय सुधारणार नाहीत, त्याही नसा त्याच आजाराच्या. भुंकणंही परत येणार नाही.

करवत मात्र थांबेल. इथेच मी अडकतेय. ती थांबायला हवी आहे ती कुणाला? तो तर झोपलाय. जागी मी आहे.

ताई म्हणते, करून टाक. बाबा काही बोलत नाहीत, नुसते त्याच्या पट्ट्याकडे... जाऊ दे.

न करणंही सोपं नाही. कुत्रं धापा टाकूनच गार होतं. घसा मिटलेला, म्हणून जोरात धापा, त्याने घसा सुजतो, मग आणखी जोरात. एप्रिलच्या दुपारी जीभ जांभळी व्हायला दहा मिनिटं पुरतात. तसं झालं तर अंगावर साधं पाणी, समोर पंखा, ताप 103 फॅरेनहाइटवर उतरला की पाणी बंद, आणि गाडी काढायची. हे सगळं फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

सोमवारी छातीचा एक्स-रे. अन्ननलिका फुगलेली निघाली तर गिळलेलं उलटून वर येत राहणार, मग डॉक्टरच नको म्हणतील. खरं सांगायचं तर आज देवापुढे नेमकं काय मागितलं, तेच मला कळलेलं नाही. बारा वर्षांच्या कुत्र्याचा निर्णय एका फिल्मवर ढकलणारी मी, आणि शहाणा म्हणे तो!

ऑपरेशन होवो न होवो, गळ्यातला पट्टा आजपासून बंद, छातीभोवती बांधायचा हार्नेस. दहीभातही बंद, सुटी शितं सरळ श्वासनलिकेत जातात. संध्याकाळी भात आणि चिकन घोटून लिंबाएवढे गोळे केले आणि हातावरून एकेक भरवले. पहिले तीन नीट गिळले. चौथा जमिनीवर ठेवला, पंजाने दाबून फोडला आणि शीत-शीत वेचून खाल्लं.