दाजींच्या व्ही-क्रॉसला टायर केवढा आणि लिफ्ट किती

आमच्या दाजींकडे इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, १.९ लिटरचं बीएस-६ मॉडेल. चंदगड तालुक्यात त्यांची काजूची बाग आणि शेजारीच कलमांची रोपवाटिका. डांबरी सोडली की बागेपर्यंत आधी लाल माती, मग ओढा आणि ओढा चढून वर आलं की जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ माळ. पावसाळ्यापासून त्यांचा एकच घोशा चालला होता, "गाडी चार इंच उचलायची आणि तेहतीस इंची टायर टाकायचे." एका दुकानातून कोटेशनही आणून ठेवलेलं. मी म्हटलं, "दाजी, गाडी घासते कुठं ते आधी बघू. पैसे कुठं पळून जात नाहीत."

बॅटरी घेऊन गाडीखाली झोपलो. कुणी लिफ्टचा विचार करत असेल तर त्यानं पहिलं काम हेच करावं, कारण गाडीचं पोट खोटं बोलत नाही. पुढच्या बंपरखाली जेमतेम ओरखडे होते. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या, खाली एक जुना घाव. पण पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध चासीची आडवी पट्टी घासून चकचकीत झाली होती आणि डाव्या बाजूचा फूटबोर्ड खालून दबून वर वळला होता. म्हणजे दुखणं एकाच जागेचं. ओढ्यातून वर येताना काठाचा जो उंचवटा आहे, त्यावर पुढची चाकं चढून जातात, मागची अजून खाली असतात आणि पोट टेकतं.

याचं कारण गाडीच्या लांबीत आहे. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३०९५ मिमी, माझ्या थारचा २४५० मिमी. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, दोन्हींचा जवळजवळ सारखाच, एकीचा २२५ आणि दुसरीचा २२६ मिमी. पण तेवढ्याच उंचीवर लांब गाडीचं पोट लवकर टेकतं. वहीत साधा त्रिकोण काढून हिशेब केला, तर व्ही-क्रॉसला साधारण साडेसोळा अंशांचा उंचवटा जमतो आणि थारला एकवीसच्या आसपास. कंपन्या आपले आकडे वेगळ्या पद्धतीनं मोजतात, पण दोन गाड्यांमधला फरक समजायला हा हिशेब पुरतो. आता व्ही-क्रॉसचं पोट ६० मिमी वर घेतलं, तर तीही एकवीस अंशांवर येते. माझी थार तो काठ न घासता चढते. मग दाजींना हवेत ६० मिमी, म्हणजे अडीच इंचांपेक्षाही कमी. चार इंचांची गरजच नाही.

हे ६० मिमी आणायचे कुठून, यावर आमची खरी चर्चा झाली. माझं मत ठाम आहे: आधी टायर ठरवायचा, लिफ्ट त्याच्या मागून. लिफ्टनं चासी उचलली जाते, पण मागचा सलग अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधलं डिफरन्शियल होतं तिथंच राहतं. ते जमिनीपासून वर न्यायचं असेल तर मोठ्या टायरला पर्याय नाही, आणि तिथंही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची हाती लागते.

दाजींच्या गाडीचा मूळ टायर २५५/६० आर १८. रुंदी २५५, बाजूची भिंत तिच्या साठ टक्के म्हणजे १५३ मिमी, रिम १८ इंची. एकूण व्यास ७६३ मिमी. मी सुचवला २६५/७० आर १७. रिम एक इंचानं लहान, भिंत १८५.५ मिमी, व्यास ८०३. म्हणजे अ‍ॅक्सल २० मिमी वर गेला. त्याहून मोठा फायदा भिंतीत झाला. जांभ्याच्या धारदार कडांवर जाताना टायरची हवा वीस-बावीस पीएसआयवर आणली, की उंच भिंतीचा टायर दगडाला धरून बसतो आणि रिम वाचते. डांबरी लागल्याबरोबर हवा पुन्हा भरायची, कमी हवेवर पळवला तर टायर तापून फुटू शकतो. डॅशबोर्डच्या प्लगवर चालणारा छोटा कंप्रेसर हवा, पण त्यावर गेलेले पैसे लिफ्टवर गेलेल्या पैशांपेक्षा जास्त कामाला येतात.

तेहतीसचा टायर म्हणजे २८५/७० आर १७. व्यास ८३१ मिमी, मूळ टायरपेक्षा जवळजवळ नऊ टक्के मोठा. गिअरिंग तेवढंच लांब होणार, म्हणजे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागणार, मागे गोण्या भरून घाट चढताना गाडी दमणार आणि ब्रेकला जड चाक आवरावं लागणार. शिवाय पिकअपमध्ये पुढच्या चाकामागे केबिन चासीला जोडणारा माउंट असतो, तिथं सहसा कापाकापी करावी लागते. २६५/७० मध्ये फरक पाच टक्क्यांचा. मीटरवर ऐंशी दिसतील तेव्हा गाडी आधीच्या मानानं चार किलोमीटर जास्त वेगानं पळत असेल, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

टायरची नक्षी ऑल-टेरेनच, म्हणजे सगळ्या रस्त्यांवर चालणारी. चंदगडची लाल माती टायरच्या खाचांत गच्च भरते आणि तिथं खास चिखलासाठीचा मड-टेरेन सरस ठरतो हे खरं. पण दाजींचं निम्म्याहून जास्त चालवणं आजरा-आंबोली बाजूच्या ओल्या डांबरी रस्त्यावर. भर पावसात घाटातल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर मला टायरची पकड हवी, चिखलातली ताकद नंतर.

उरले ४० मिमी, ते लिफ्टचे. यात स्पेसरची चकती हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि मी तो करू देणार नाही. स्प्रिंगवर चकती बसवली की गाडी उभी राहते उंच, पण शॉकअप जुनाच असल्यामुळं चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. वेड्यावाकड्या चाकोरीत पुढचं एक चाक हवेत जाऊन नुसतंच फिरतं. पुढं नवी स्प्रिंग आणि तिच्या मापाचा लांब शॉकअप, अशी जोडीच घ्यावी. चार इंच नको म्हणण्याचं आणखी एक कारण पुढच्या चाकांकडं आहे. तिथं प्रत्येक चाकाचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, वेगळा. गाडी फार उचलली की तो तिरका होतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवर ताण येतो, त्यावरचं रबरी बूट फाटतं आणि आत माती जाते. चाळीस मिमीपर्यंत हा कोन आवाक्यात राहतो.

मागं स्प्रिंगच्या जागी लोखंडी पट्ट्यांचे पाटे आहेत, आणि खरी गंमत तिथं आहे. दुकानदारानं विचारलंच नाही की गाडीत भरता काय. दाजींची गाडी जाताना रिकामी, येताना काजूच्या गोण्या. गोण्यांसाठी कडक पाटे घातले तर रिकाम्या गाडीचा मागचा भाग घाटात उड्या मारणार. मऊ घातले तर भरलेली गाडी बसणार आणि कमावलेले ४० मिमी गोण्यांखाली जाणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी दाजींना समोर बसवून विचारलं, "पावणं, रोज किती वजन, आणि वर्षातनं किती दिवस?" काजूचा हंगाम उन्हाळ्यापुरता, हे ऐकल्यावर त्यांनी मध्यम पाटे सांगितले. पाटे विकत घ्यावेत ते असा प्रश्न विचारणाऱ्याकडनंच.

मोठा टायर घासतो का, हे बघायची चाचांची पद्धत मला फार आवडली. नव्या मापाचं एक चाक उसनं आणून पुढं बसवलं, टायरच्या दोन्ही खांद्यांना खडू फासला. एका बाजूला फळीच्या रॅम्पवर चढवून सस्पेन्शन दाबलं आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. खाली उतरून आत हात घातला तर चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराच्या, म्हणजे लायनरच्या, मागच्या कडेला बोटभर पांढरी रेघ. प्लास्टिकची तेवढी कड गरम करून मागं दाबली की काम होतं, पत्र्याला हात लावायची गरज नाही.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर कडक भूमिका घेतली. कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी आरटीओत लेखी विचारायचं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं, असं ठरलं. अपघातानंतर दावा नाकारला जाणं हे दंडापेक्षा फार महाग पडेल.

फूटबोर्डावरून मात्र घरात वाद झाला. तो काढला तर पोटाखालची सर्वांत खालची वस्तू जाते, पण दाजींच्या आईचे, म्हणजे आमच्या काकींचे, गुडघे दुखतात आणि गाडी ६० मिमी उंच होणार. शेवटी चासीला लागून बसणारे, दगडाचा मार सोसतील असे जाड नळीचे स्लायडर करायचं ठरलं. काकींना पाय ठेवायला ते पुरतात. कालच त्यांनी चाचांकडं पाटाएवढा ठोकळा ठेवून चढून बघितलं.

सध्या टायर आणि रिम सांगितलेत, पाचही. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून चालत नाही, फोर-व्हीलमध्ये असताना एक चाक लहान असलं तर सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. आरटीओचं उत्तर आलं की स्प्रिंग. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत खाली, आणि हजार किलोमीटरच्या आत पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळायला चाचांकडं.