पिजदुऱ्याच्या शेतात सापडलेलं गवत

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे आणि तिथल्या शेतांमध्ये डायनासोरचं शेण सापडतं. दगड झालेलं अर्थात, हातात घेतलं तर साधा गोटाच वाटेल. नागपूरला हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप, त्यांच्या काळापासून म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं या भागातले जीवाश्म अभ्यासकांना माहीत आहेत. जवळच्या डोंगरगावला तर एका मोठ्या शाकाहारी डायनासोरची हाडं मिळाली, त्याचं नाव आयसिसॉरस. पण मला हाडांपेक्षा त्या शेणाचं कौतुक जास्त आहे, कारण त्या शेणाने पाठ्यपुस्तकातली एक गोष्ट बदलायला लावली.

२००५ पर्यंत सगळे असं धरून चालले होते की डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं. गवताचे खात्रीचे जुने जीवाश्म साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे होते आणि डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मध्ये चांगलं एक कोटीचं अंतर. मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी वगैरे मंडळींनी पिजदुऱ्याचं हे शेण मायक्रोस्कोपखाली तपासलं आणि त्यात चक्क गवत निघालं. एका जातीचं पण नाही, निदान पाच वेगवेगळ्या प्रकारचं!

आता इतक्या वर्षांनी शेणातलं गवत ओळखायचं कसं, तर गवत जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका उचलतं आणि ती आपल्या पेशींमध्ये साठवतं, तिथे तिचे बारीक कण तयार होतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजतं, खाल्लं जातं, पचतं, पण हे कण तसेच राहतात आणि वनस्पतींच्या गटागटाप्रमाणे त्यांचा आकार वेगळा असतो. ज्याने उसाच्या फडात काम केलंय त्याला ही सिलिका माहितीये, पाचट अंगाला कापतं ते तिच्यामुळेच. भाताच्या तुसाच्या राखेने भांडी लख्ख निघतात त्यामागेही हीच सिलिका.

आणि भाताचा विषय निघालाच आहे तर, २०११ मध्ये याच शेणावरच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की त्यातले काही कण भाताच्या कुळाशी जुळणारे आहेत. म्हणजे आपण जो भात खातो त्याचं कूळ डायनासोरच्या काळात वेगळं निघालेलं होतं, आणि तेही इथे, जिथे आज पूर्व विदर्भात धानाची शेती चालते. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरं काही करू शकलो नाही, परत परत तेच वाचत होतो. अर्थात डायनासोर काही नुसतं गवतच चरत नव्हते, त्या शेणात ताडासारख्या झाडांचे, सूचिपर्णी झाडांचे अवशेष पण भरपूर आहेत, गवत त्यात थोडं. पण होतं.

त्या वेळी आपला भूभाग आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. मग दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा पसरायला लागला, एकावर एक थर, ज्यातून सह्याद्री आणि आपली काळी जमीन आली, आज शिल्लक आहे तेवढाच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात मेक्सिकोजवळ अशनी आदळला. पृथ्वीवरच्या साधारण तीन चतुर्थांश प्रजाती गेल्या. गवत मात्र तगलं, आणि नंतर ते जे पसरलं त्याला तोड नाही. ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी कडक ऊन आणि कोरडेपणा सोसणाऱ्या गवतांनी जगभरात मोठमोठे माळ व्यापले (ज्वारी, बाजरी, ऊस याच प्रकारात येतात) आणि त्यांच्याबरोबर चरणारे प्राणी वाढले. गवतातली सिलिका आणि त्याच्याबरोबर तोंडात जाणारी धूळमाती चावून दात झिजतात, घोड्यांच्या पूर्वजांचे दात तर त्याच्याही आधीपासून उंच होत गेले होते. एका साध्या दिसणाऱ्या वनस्पतीने प्राण्यांची तोंडं बदलली.

चंद्रपूरचा दगडी कोळसा आहे ना, तो पंचवीस कोटी वर्षांपेक्षाही जुन्या जंगलांचा, त्यात गवताचा पत्ताच नाही कारण ते जन्मालाच आलं नव्हतं. आणि त्याच जिल्ह्यात आज ताडोब्यात बांबू आहे, तोही गवतच, गवे तो खातात. एकाच जिल्ह्यात गवताच्या आधीचं जग, गवताची सुरुवात आणि गवतावर जगणारं जंगल, तिन्ही!

म्हणूनच गवताळ माळाला सरकारी कागदावर पडीक जमीन म्हणतात ते मला सहन होत नाही. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं, तो अशाच मोकळ्या रानांतला. माळढोक तर पूर्ण देशात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमीच उरलेत, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, आणि वरोरा भागातूनही, म्हणजे पिजदुऱ्याच्याच तालुक्यातून, माळढोकच्या नोंदी आहेत. त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजनदार असल्यामुळे उडताना पटकन वळता येत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. काळवीट, लांडगा, तणमोर हे सगळे याच माळावरचे.

आणि वर पावसाळा आला की वृक्षारोपणाच्या मोहिमा निघतात, मोकळा माळ दिसला की खड्डे पाडायला सुरुवात. हेतू चांगला असतो हे मान्य, पण पवन्या, मारवेल, कुसळी उभी असलेल्या माळावर झाडं लावून सावली केली की ऊन लागणारं गवत हटतं, आणि माळढोकला अंडी घालायला उघडी जमीन लागते, तीही जाते. तुमच्या गावात अशी मोहीम ठरत असेल तर मीटिंगमध्ये एवढं तरी विचारा की त्या माळावर आत्ता कोणतं गवत आहे, तिथे कोण चरतं, कोण अंडी घालतं, आणि मेंढपाळांना बोलवा, त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं.