बर्फाची घनता, नोंद तिसरी: ०.९१७ गाठताना तिसरा आकडा का हलतो

मागच्या दोन खेपांना मोजपात्रात पाणी घेऊन, बर्फ सुईने बुडवून पातळी किती चढते ते पाहिलं. ती पद्धत बाद. एप्रिलच्या जळगावात खोलीतलं पाणी ३२-३३ अंशांवर असतं; पातळी वाचेपर्यंत तुकड्याचा कोपरा वितळलेला असतो. शिवाय मोजपात्रावरच्या दोन रेघांत २ मिलीचं अंतर. ४० ग्रॅमच्या तुकड्याला तिथेच सुमारे ५ टक्के घोळ होतो, आणि आपण शोधतोय बर्फाच्या घनतेचा (०.९१७ ग्रॅम प्रति मिली) तिसरा दशांश.

आता रॉकेल आणि ०.०१ ग्रॅमचा डिजिटल वजनकाटा. रॉकेल पाण्यात मिसळत नाही, बर्फ त्यात विरघळत नाही आणि सरळ बुडतो, त्यामुळे सुईने दाबून धरायची भानगड संपते. काट्यावर रॉकेलचा पेला ठेवून शून्य करायचा. बर्फ दोऱ्याला टांगून पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. काटा दाखवतो ते बाजूला सारलेल्या रॉकेलचं वजन. मग दोरा सैल सोडून बर्फ तळाशी बसू द्यायचा. आता काटा बर्फाचं पूर्ण वजन दाखवतो. दुसरा आकडा भागिले पहिला, गुणिले रॉकेलची घनता, की झालं. नमुन्याचा हिशेब: टांगून ३५.१, टेकवून ४०.०, रॉकेल ०.८०५, तर बर्फ ०.९१७.

दोरा पाणी गोठतानाच आत सोडून ठेवावा. नंतर बांधलेली गाठ सुटतेच.

रॉकेलची घनता पुस्तकातून उचलू नका. प्रत्येक डब्याचं रॉकेल वेगळं, आणि दर अंशाला घनता साधारण ०.०००७ ने बदलते. पाच अंश चुकले की उत्तरात ०.००४ चा फरक, म्हणजे तिसरा दशांश गेला. औषधाची ५० मिलीची काचेची बाटली वाळूने गच्च भरा, झाकणावर मेण ओता. ती टांगून आधी थंड पाण्यात, मग त्याच तापमानाच्या रॉकेलमध्ये तोला. पाण्यात ६२.० आणि रॉकेलमध्ये ४९.९ आले, तर रॉकेल ०.८०५. बाटलीऐवजी स्टीलचा बोल्ट वापरायचा मोह होतो, पण ५५ ग्रॅमचा बोल्ट जेमतेम ७ मिली जागा घेतो. काट्याची छोटीशी चूकही तिथे मोठी होते.

रॉकेल थंड करायला पेला ठेचलेल्या बर्फाच्या पातेल्यात अर्धा तास ठेवावा आणि तोलण्याआधी बाहेरून कोरडा पुसावा. फ्रीजरमध्ये रॉकेल कधीही ठेवायचं नाही. थर्मोस्टॅटची ठिणगी आणि कोंडलेली वाफ, ही जोखीम नको.

तोलताना थोडं वितळलं तर घाबरू नका. पाण्याचे मणी तळाशी जमतात आणि पेल्यातच राहतात. टांगलेल्या वाचनात १ ग्रॅम वितळलेलं पाणी जेमतेम ०.१२ ग्रॅमची चूक करतं. बर्फावर आधीच चिकटलेलं पाणी मात्र घनता वर ओढतं, म्हणून रॉकेलमध्ये सोडण्याआधी फडक्याने टिपून घ्या.

एवढं करूनही उत्तर दोन दिशांना सरकतं. ०.९०८ च्या आसपास आलं तर बुडबुडे: आकारमानाच्या १ टक्का हवा असली की ०.९१७ चं ०.९०८ होतं. ट्रेमधला बर्फ सहा बाजूंनी गोठतो, विरघळलेली हवा आणि क्षार मधे ढकलले जातात आणि पांढरा गाभा तयार होतो. कारखान्याच्या लादीतही मधला पट्टा पांढरा दिसतो तो याचमुळे. बोअरच्या पाण्यात हे आणखी ठळक. आरओचं पाणी घ्या. पाणी दोनदा उकळून थोडाच फरक पडतो. खरा उपाय म्हणजे एकाच बाजूने गोठवणं: जाड थर्माकोलचा डबा, झाकण काढलेलं, फ्रीजरमध्ये १८ ते २४ तास. वरून खाली गोठतं, हवा खाली लोटली जाते. तळाचं पाव पाणी द्रव असतानाच काढून ओतून द्यायचं. मधेच लोडशेडिंग झालं तर ढगाळ थर पडतो, तो भाग कापून टाका. ठोकळा बाहेर काढल्याकाढल्या करवत लावू नका, तडकतो. पृष्ठभाग ओला होऊ द्या. मे महिन्यात त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसरीकडे उत्तर ०.९२० आलं की लोक काट्याला दोष देतात. काटा बरोबर असतो. उणे १८ अंशांचा बर्फ खरंच तेवढा दाट असतो, ०.९१७ हा आकडा शून्य अंशाचा. तुकडा आधी बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

आता तेल. घाण्याच्या शेंगदाणा तेलाची घनता ३० अंशांना साधारण ०.९१, म्हणजे बर्फाच्या अगदी शेजारी. मेच्या दुपारी तेल पातळ होतं आणि स्वच्छ बर्फ तळाला जातो. डिसेंबरच्या पहाटे त्याच तेलात तो तरंगू शकतो. तरंगला तर बघत बसण्यासारखं आहे: वितळलेलं पाणी खाली थेंब होऊन लटकतं, जड झालं की तुकड्याला खाली ओढतं, थेंब सुटला की तुकडा परत वर. फार गार झालं तर मात्र तेलच थिजतं.

बर्फ हलका का, हे थोडक्यात: बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी ठराविक कोनात धरून असतो, सहा-सहांची कडी होतात आणि मधे पोकळी राहते. वितळताना ही चौकट ढासळते, काही रेणू पोकळीत घुसतात, जागा कमी लागते. उरलेली चौकट ४ अंशांपर्यंत मोडत राहते म्हणून तोवर पाणी आकसतं. पुढे उष्णतेने होणारं प्रसरण जिंकतं.

ग्लास काठोकाठ भरून बर्फ टाकला तर वितळल्यावर सांडत नाही, हे पाण्यापुरतं खरं. रसवंतीच्या रसाची घनता १.०८ च्या आसपास असते. त्यात बर्फाचा १५ टक्के भाग वर दिसतो, पाण्यात जेमतेम ८. ५० ग्रॅम बर्फ ४६.३ मिली रस सारतो आणि वितळून ५० मिली पाणी होतो. पावणेचार मिली टेबलावर.

राहिलेलं काम: पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं हे दाखवणारा, स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस होपचा १८०५ मधला प्रयोग. उंच भांड्याच्या कमरेला बर्फ-मिठाचा पट्टा, वर आणि खाली एकेक थर्मामीटर. खालचा ४ अंशांवर अडकतो, मग वरचा शून्याकडे घसरतो. उन्हाळ्यात वरच्या पाण्याला खोलीची उष्णता सतत मिळते, वरचा थर्मामीटर खाली यायला तयारच होत नाही. धुळ्यात पारा १० च्या खाली गेला की, पहाटे, खिडकी उघडी ठेवून.