आमची वाटचाल : विंचूर रस्त्यावरच्या खळ्यापासून घोजाडांग्याच्या सीमेपर्यंत

आमची पेढी कांदा निर्यात करते आणि तिचा मुख्य व्यवहार बांगलादेशाशी आहे. त्यामुळे दिल्ली आणि ढाका यांच्यात काही बिनसले की त्याची झळ आम्हाला लासलगावात, विंचूर रस्त्यालगतच्या खळ्यावर बसल्या जागी लागते. वडिलांनी मुंबईच्या आडत्यांवर अवलंबून राहण्याऐवजी थेट सीमेपलीकडे माल द्यायचे ठरवले, तेव्हा बाजारातल्या जाणत्या व्यापाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले होते. पश्चिम बंगालमधले घोजाडांगा ते बांगलादेशातले भोमरा हे अंतर चालत जाण्याइतके असले तरी १९४७ च्या रेषेने तिथे दोन कायदे, दोन चलने आणि दोन राजधान्यांची मर्जी आणून ठेवली आहे, हे वडिलांनाही ठाऊक होते. तरीही त्यांनी गाडी भरली. त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांत लिलाव, प्रतवारी, भरती आणि हिशोबपट्टी यांखेरीज सांगण्यासारखे फारसे घडले नाही.

आमच्या मालाचे नाव प्रतवारीवर झाले. मोठा गोळा आखाती देशांना लागतो. बांगलादेशाला मध्यम आकाराचा, गडद रंगाचा आणि पत्ती, म्हणजे वरचे साल, न सुटलेला कांदा हवा असतो. वडिलांनी त्यासाठी उतरती लोखंडी चाळणी बनवून घेतली होती आणि तिच्या प्रत्येक सळईवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती, कारण लोखंडावर आपटलेला कांदा वरून धडधाकट दिसला तरी पाच-सहा दिवसांच्या प्रवासात मानेतून काळा पडतो. ती चाळणी आजही वापरात आहे. गोणीला हमाली हूक लावायचा नाही, तोंड दाभण-सुतळीने शिवायचे आणि ताडपत्री दोन्ही बाजूंनी हातभर उघडी ठेवायची, हे नियम आम्ही कधी मोडले नाहीत. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन, की पावसात लिलावातून उचललेला माल खळ्यावर पसरून वाळवल्याशिवाय भरू नका, मग खरेदीदार कितीही घाई करो.

आमचे सर्वांत जुने ग्राहक ढाक्याच्या श्यामबाजारातले. बुडीगंगेच्या काठावरच्या त्या घाऊक बाजारात त्यांची तीन पिढ्यांची आडत आहे. ते माझ्या वडिलांना काका म्हणत आणि मी त्यांना भाईसाहेब म्हणतो. गोणी फोडल्यावर ते वरचा कांदा बघत नाहीत; हात कोपरापर्यंत आत घालून तळातला कांदा काढतात, आडवा चिरतात आणि मगच भाव बोलतात.

२९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिल्लीला आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे, असे बोलून दाखवले आणि अशा निर्णयाची आगाऊ कल्पना द्यावी, अशी विनंती केली. आपल्याकडे पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. आम्हाला मात्र त्यातला अपमान कळत होता, कारण पुढे ढाक्यात कांदा किलोला दोनशे टका ओलांडून गेला आणि तिथल्या सरकारला तो विमानाने आणावा लागला. बंदी मार्च २०२० मध्ये उठली. मे महिन्यात, ऐन टाळेबंदीत, लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकाकडे निघाली. दर्शना ते जगती हा १८६२ चा लोहमार्ग म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या भूमीवरची पहिली रेल्वे. फाळणीने दोन देशांत विभागलेल्या त्या वाटेने आमच्या निफाड तालुक्याचा कांदा जातो आहे, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटला.

आणि १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी आली, तीही तडकाफडकी. आमच्या काही गाड्या घोजाडांग्याच्या रांगेत होत्या, काही बंगालच्या रस्त्यावर आणि उरलेला माल खळ्यावर भरून तयार होता. ज्यांची सीमाशुल्काची कागदपत्रे पूर्ण होती, त्या गाड्या काही दिवसांनी सोडल्या गेल्या. बाकीच्या तिथेच अडकल्या. बंगालचा सप्टेंबर म्हणजे दमट उकाडा आणि पाऊस. गोण्यांतून पाणी गळू लागले, चालक फोनवर वासाचे वर्णन करू लागले, वाहनतळाचे भाडे रोज चढत राहिले आणि शेवटी तो माल मिळेल त्या भावाने तिथेच विकावा लागला. शेतकऱ्यांचे पैसे रोखीने चुकते झालेले होते. बँकेने आमची कर्जमर्यादा गोठवली. आईच्या पाटल्या आणि खळ्याची अर्धी जागा त्या हिवाळ्यात गेली. पेढी बंद करण्याचा कागद वकिलाकडे तयार होता.

भाईसाहेबांनी त्या वेळी जे केले ते मी विसरू शकत नाही. पलीकडे पोहोचलेल्या गाड्यांतला बराच माल नासलेला होता, तरी त्यांनी एका पैशाची कटौती मागितली नाही. न पोहोचलेल्या मालाची एलसी, म्हणजे त्यांच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, रद्द न करता, शुल्क स्वतः सोसून, त्यांनी तिची मुदत वाढवून घेतली. नेमक्या त्याच काळात आमच्याच तालुक्यातल्या एका निर्यातदाराने श्यामबाजारात आमची पेढी बुडाल्याचे पसरवले आणि जानेवारी २०२१ मध्ये वाट खुली होताच आमच्याहून कमी भावात, वर चांगला कांदा व आत गोलटी, म्हणजे बारीक कांदा, भरून, माल पाठवला. तळात हात घालणाऱ्या माणसाला तो फसवू शकला नाही. पण इतर काही खरेदीदार आमच्याकडून गेले ते गेलेच, आणि नाशिकच्या कांद्याला लबाडीचा डाग लागला तो आम्ही आजही पुसत आहोत.

त्यानंतरही ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरात पुन्हा बंदी आली, आणि बंदीच्या काळात बांगलादेशासाठी मंजूर झालेला पन्नास हजार टन कांदा सरकारी सहकारी संस्थेमार्फत गेला. ज्या पेढ्यांनी तो बाजार उभा केला, त्यांना त्यात स्थान नव्हते. शुल्क पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २०२५ ला. एव्हाना पाकिस्तान, चीन, इजिप्त यांचा कांदा तिकडे ओळखीचा झाला होता आणि तिथल्याच पाबना-फरीदपूरच्या कांदा उत्पादक शेतकऱ्याला संरक्षण देण्यासाठी ढाका आयात परवाने रोखून धरू लागला होता. त्या शेतकऱ्याचा मला राग नाही. निफाडच्या शेतकऱ्यासाठी मीही हेच मागितले असते. माझा राग आहे तो भरलेल्या गाडीला रस्त्यात गाठणाऱ्या आदेशावर. आदेश निघण्याआधी भरलेला माल सीमेपार जाऊ द्यावा, एवढी तरतूद दोन्ही देशांनी लेखी केली तर आमच्यासारखे लहान व्यापारी तग धरतील.

आता आम्ही काही माल कोलंबो आणि क्वालालंपूरलाही पाठवतो. बांगलादेशासाठीचा माल मात्र, आयातदाराच्या परवान्याची प्रत आणि एलसी हातात आल्याशिवाय, मी लिलावात घेत नाही. अपवाद फक्त भाईसाहेबांचा : त्यांचा फोन आला की चाळणी सुरू होते.