डिमरमधला डायॅक

दिव्याच्या डिमरचे किंवा पंख्याच्या पायऱ्या नसलेल्या रेग्युलेटरचे सर्किट समजावून सांगताना बहुतेक जण ट्रायॅकचे (एसीच्या प्रत्येक अर्धचक्रात लवकर किंवा उशिरा चालू होऊन दिव्याला जास्त किंवा कमी वीज देणाऱ्या घटकाचे) वर्णन सविस्तर करतात आणि त्याच्या गेटला, म्हणजे चालू करणाऱ्या टोकाला, जोडलेल्या डायॅक या दोन टोकांच्या घटकाची बोळवण एका वाक्यात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण ट्रायॅक हा केवळ स्विच आहे. तो नेमका कोणत्या क्षणी आणि किती ठामपणे चालू व्हावा, हे डायॅक ठरवतो.

आपल्याकडे सर्रास मिळणारा डायॅक म्हणजे डीबी३. निळसर काचेच्या या छोट्या घटकावर साध्या डायोडवर असतो तसा पट्टा नसतो, कारण तो दोन्ही दिशांना सारखाच वागतो आणि कसाही जोडला तरी चालतो. त्याच्यावरचा व्होल्टेज साधारण ३२ व्होल्टपर्यंत (नगानुसार २८ ते ३६) वाढेपर्यंत तो जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही. ती मर्यादा ओलांडताच तो एकदम वाहू लागतो आणि त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज किमान ५ व्होल्टने, प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त, खाली येतो.

या खाली येण्यातच सगळी उपयुक्तता आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि डिमरमधले पॉट (बटण फिरवून रोध बदलणारा भाग) ४७० किंवा ५०० किलोओहमचे असते, म्हणजे मंद प्रकाशाच्या बाजूला पॉटमधून एक-दोन मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह येऊच शकत नाही. याउलट बीटी१३६ सारख्या साध्या ट्रायॅकच्या गेटला ३५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्या तुटपुंज्या प्रवाहावर हळूहळू भरला जातो, डायॅक तोपर्यंत वाट अडवून ठेवतो आणि ३२ व्होल्टला तो साठा काही मायक्रोसेकंदांत गेटमध्ये रिकामा करतो. गेटला लागणारा प्रवाह नगानुसार, तापमानानुसार आणि दिशेनुसार बदलत असला, तरी इतक्या जोरदार स्पंदापुढे तो फरक उरत नाही. शिवाय डीबी३ च्या दोन दिशांमधला फरक ३ व्होल्टच्या आत असल्याने धन आणि ऋण अर्धचक्रे जवळपास सारख्याच कोनावर, म्हणजे अर्धचक्रातल्या सारख्याच क्षणी, सुरू होतात. ती असमान झाली तर लोडमधून (डिमरला जोडलेल्या उपकरणातून) डीसीचा अंश वाहू लागतो. दिव्याला त्याचे काही वाटत नाही, परंतु पंख्याची मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर त्याने गुणगुणतो आणि तापतो.

डिमर वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली एक गोष्ट मात्र अनेकांना कोड्यात टाकते. बटण शून्यापासून फिरवत नेले की दिवा मंद लागत नाही, तो एकदम बऱ्यापैकी उजळतो. त्यानंतर बटण मागे घेतले तर मात्र तो पहिल्या जागेच्याही मागे मंद तेवत राहतो. ५० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची रिअॅक्टन्स (एसीला होणारा विरोध) सुमारे ३२ किलोओहम असते, त्यामुळे पॉट ५०० किलोओहमवर असताना कपॅसिटरचे शिखर जेमतेम २०-२१ व्होल्टपर्यंत पोहोचते आणि डायॅक हलत नाही. रोध सुमारे ३२० किलोओहमपर्यंत उतरला की ते ३२ व्होल्टला टेकते आणि डायॅक पहिल्यांदा वाहतो. मात्र त्या वेळी कपॅसिटरमधला काही भार निघून गेलेला असतो, म्हणून पुढच्या अर्धचक्रात विरुद्ध दिशेचे ३२ व्होल्ट गाठायला त्याला कमी अंतर कापावे लागते. ट्रायॅक आधी चालू होतो आणि प्रकाश उडी मारतो. यावरचा चांगला उपाय म्हणजे आणखी एक रेझिस्टर आणि कपॅसिटर घालून दोन टप्प्यांचे सर्किट करणे. त्यात पहिला कपॅसिटर दुसऱ्यातून गेलेला भार लगेच भरून काढतो. स्वस्त डिमरमध्ये नेमका हाच टप्पा गाळलेला असतो, आणि दोन किरकोळ भागांची ही बचत मला मुळीच पटत नाही.

सुरक्षिततेसाठी हेच सर्किट आधी १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर करून पाहावे, असे नवशिक्यांना वाटणे स्वाभाविक आहे, पण तिथे शिखरच १७ व्होल्टचे असल्याने डीबी३ कधीच वाहणार नाही. २४ व्होल्टवर शिखर ३४ च्या आसपास येते, त्यामुळे तिथेही भरवसा नाही.

डीबी३ विकत घ्यायलाच हवा असेही नाही. बंद पडलेल्या बहुतेक सीएफएल दिव्यांच्या बोर्डावर तो सापडतो, कारण तिथे ऑसिलेटरला (दिव्यासाठी जलद एसी तयार करणाऱ्या सर्किटला) पहिला धक्का देण्याचे काम त्याच्याकडे असते. काढलेला डायॅक मल्टिमीटरवर दोन्ही दिशांना ओपन दिसला म्हणून टाकून देऊ नये; मीटर दोन-तीन व्होल्टच देतो. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४५ व्होल्ट घ्यावेत, १०० किलोओहममधून ४.७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर भरू द्यावा आणि त्याच्यावर डायॅक, ४७० ओहमचा रेझिस्टर व एलईडी अशी साखळी लावावी. डायॅक चांगला असेल तर एलईडी ठरावीक लयीत लुकलुकतो. डायॅक उलटा करून पुन्हा पाहिले की दुसरी दिशाही तपासून होते.

२३० व्होल्टवर जाताना फ्यूज आणि प्लास्टिकच्या दांड्याचे पॉट वापरावे, कारण या सर्किटचा प्रत्येक बिंदू थेट मेन्सला जोडलेला असतो. बीटी१३६ च्या धातूच्या पत्र्याचाही त्यात समावेश होतो. हीटसिंक लावायची असेल तर पत्रा आतून इन्सुलेट केलेला बीटीए१६ घ्यावा.